जन्मदातीचा रकाना

'आई' या एका शब्दावरून आमच्या संस्थेत अख्खा उन्हाळा भांडण चाललं होतं, आणि भांडणारी मुख्यतः मीच होते.

मी कलीपा. बिश्केकमधल्या एका वैद्यकीय संशोधन संस्थेत माहितीची घडी बसवायचं काम करते. म्हणजे नक्की काय करतेस, असं माझा सख्खा भाऊसुद्धा अजून विचारतो. डॉक्टर मंडळी रक्ताचे नमुने, हृदयाचे आलेख, घराण्यांची झाडं असं पोत्यानं गोळा करून आणतात. त्यात कशाला काय म्हणायचं आणि कोण कोणाचं काय लागतं, हे मी ठरवते. एकदा ते नीट ठरलं की संगणक उरलेली नाती आपली आपण जुळवतो. नीट ठरलं नाही, तर तितक्याच निष्ठेनं चुकीची जुळवतो. त्याला लाज नसते, म्हणून ती मला बाळगावी लागते.

आमचा अभ्यास बोझ-तेरेक खोऱ्यातला. तिथल्या काही घराण्यांत हृदयाची लय अचानक तुटण्याचा आजार आहे. हसतंखेळतं पोर खाली बसतं ते उठत नाही. दोष रक्तातून येतो. ज्याच्यात आहे तो प्रत्येक जण जातोच असंही नाही, आणि म्हणून तर अभ्यास. गळ्याच्या हाडाखाली एक छोटं यंत्र बसवलं, तर लय तुटल्याबरोबर ते धक्का देऊन हृदय पुन्हा चालू करतं. यंत्र आमच्याकडच्या माणसाला परवडणारं नाही. परदेशातला एक निधी ते फुकट देतो, पण एका अटीवर: रुग्णाची आई आमच्या डेटाबेसमध्ये रक्तानं सिद्ध झालेली पाहिजे.

आणि नेमकी आईच सिद्ध होत नव्हती. निधीवाल्यांनी आमची माहिती तपासून अत्यंत सभ्य भाषेत कळवलं, की तुमच्या परिचारिका नळ्यांवरच्या चिठ्ठ्या बदलतात, कारण इतक्या मुलांचं रक्त त्यांच्या आयांशी जुळत नाही. खोऱ्यात नमुने गोळा करणारा डॉक्टर ओर्मोन, माझा कॉलेजपासूनचा मित्र, तो कागद घेऊन माझ्या टेबलाशी आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

नळ्या कोणी बदलल्या नव्हत्या. आमच्याकडे पहिलं नातवंड आजी घेते आणि आपलं म्हणून वाढवते. ते आजीला आई म्हणतं आणि जन्म देणारीला वहिनी. त्याला विचारलं तुझी आई कोण, तर ते आजीचं नाव सांगतं, आणि त्यात ते काही खोटं बोलत नसतं. आमच्या जुन्या आराखड्यात मात्र 'आई' असा एकच रकाना, आणि परिचारिकेनं त्यात सांगितलेलं नाव लिहिलेलं.

दुसरी गोष्ट ओर्मोननं जरा चाचरत सांगितली. ज्या बाईची मुलं जगत नाहीत, तिचं नवं मूल जन्मल्याबरोबर खिडकीतून दुसऱ्या घरी विकतात. किंमत म्हणून काहीतरी किरकोळ वस्तू, कुऱ्हाड, नाहीतर तवा. मुलांचे जीव न्यायला येणारा दाराशी आला, तर या घरात मूलच नाही. मग ते मूल त्या दुसऱ्या बाईचं होतं, आणि खरं कोणाचं हे कोणी बोलत नाही. त्या मुलाला तर कधीच सांगत नाहीत.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. फक्त ते माझ्या आराखड्यात येईल असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

तर मी 'आई' हा रकानाच मोडला. त्याच्या जागी दोन नाती केली, 'जन्मदाती' आणि 'सांभाळणारी'. सांभाळणारी कोण, ते माणसानं सांगायचं. जन्मदाती कोण, ते रक्तावरून संगणकानं ठरवायचं, म्हणजे कोणाला तोंडानं काही सांगायला नको. यावर ओर्मोन म्हणाला, लोकांना आवडणार नाही. मी म्हटलं, लोकांना कोण दाखवतंय, आणि ज्यांना यंत्र मिळून जीव वाचेल त्यांना आवडेल. खरं सांगायचं तर मला माझ्या त्या दोन शब्दांचा फार अभिमान वाटत होता.

आमचे सर्व्हर सांभाळायचा सातिबाल्दी. तिशीचा, दारातून जरा तिरका होऊन आत येणारा गडी, तोंडात कायम मटणाचा सामसा नाहीतर विनोद. त्याच्या नावाचा अर्थच मुळी 'विकत घेतलेला' असा. तोही बोझ-तेरेकचा. त्याला वाढवणारी बुरुल वारली होती, आणि ती कोणाकडून त्याला घेऊन आली हे तिनं शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं.

"एजे," तो मला म्हणाला. आमच्याकडे मोठ्या बहिणीला एजे म्हणतात, आणि त्याला काही हवं असलं की मी जरा जास्तच मोठी बहीण व्हायची. "तुमच्या आराखड्यात माझ्यासाठी 'दुकानदार' असा रकाना काढा ना. मी विकलेला माल. पावती नाही, परत घेत नाहीत."

मी म्हटलं, काम कर. तुलनेसाठी निरोगी माणसांचं रक्त हवं होतं तेव्हा पहिल्या आठवड्यातच यानं बाही वर केली होती, फुकटचा रस आणि बिस्किटं मिळतात म्हणून.

नवा आराखडा पानगळीत सुरू झाला. संगणकानं जुने सगळे नमुने पुन्हा ताडून पाहिले, आणि खोऱ्यातल्या बऱ्याच मोठ्या माणसांना त्यांच्या जन्मदात्या मिळाल्या. अर्थात कागदोपत्री. निधीवाल्यांनी अभिनंदन कळवलं. ओर्मोननं कोन्याकची बाटली आणली आणि अर्धी स्वतःच संपवली.

पुढच्या आठवड्यात त्याचा खोऱ्यातून फोन आला. काल्मामात नावाचा मेंढपाळ गेला. चाळिशीचा माणूस, कधी डोकं दुखलं नव्हतं. घोड्याला पाणी दाखवायला उतरला आणि ओढ्याकाठी बसला, तो तसाच बसलेला सापडला. घोडा शेजारी चरत होता. मी त्याची नोंद उघडली. रक्तात दोष होता. जन्मदाती नुकतीच जुळलेली. वाईट वाटलं. यंत्र मिळणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव घालायचं चाललंच होतं.

मग उमसुनाय, गणिताची शिक्षिका. फळ्याकडे तोंड करून उभी होती, खडू हातातच राहिला. तिचीही जन्मदाती नुकतीच जुळलेली. मग आणखी एक जण.

मी आकड्यांत वाढलेली बाई आहे. थोड्या माणसांत असे योगायोग होतात, हे मी दुसऱ्यांना शिकवते. म्हणून बसले आणि नीट पडताळलं. हाच दोष रक्तात असलेली, याच वयाची, पण ज्यांची नोंद नव्या आराखड्यात बदलली नाही अशी माणसं शोधली. ती सगळी ठणठणीत होती. ज्यांना आजीनं वाढवलं होतं, त्यांची जन्मदाती जुळूनही काही झालं नव्हतं. जात होती ती फक्त खिडकीतून विकलेली.

ओर्मोनला सांगितलं, तर तो म्हणाला, "कलीपा, हे कुठं लिहू नकोस." त्याचा आवाज मला आवडला नाही. शास्त्राचा माणूस असा बोलला की मला राग येतो.

त्याच सुमाराला सातिबाल्दी चहाचे दोन कप घेऊन माझ्या खोलीत आला. विनोद नाही, सामसा नाही. त्यानं दार लावून घेतलं.

"एजे, संध्याकाळी घरून डेटाबेस उघडता का तुम्ही?"

मी नाही म्हटलं. घरी मी बटाटे सोलते.

त्यानं सांगितलं ते असं. डेटाबेसला कोणीही काही विचारलं की त्याची नोंद होते, कोणी विचारलं, कुठल्या संगणकावरून, काय. रोज दिवेलागणीला काही ठरावीक माणसांबद्दल कोणीतरी प्रश्न विचारत होतं. एकच प्रश्न, एकेका माणसाबद्दल. विचारणाऱ्याचं नाव नाही. संगणकाचा पत्ता नाही. पहिल्यांदा त्याला वाटलं, कोणा विद्यार्थ्याचा चावटपणा असेल. त्यानं परवानग्या बदलल्या. मग एका संध्याकाळी बाहेरची तारच काढून ठेवली. प्रश्न आलाच.

"काय प्रश्न?" मी विचारलं.

"आधी 'आई कोण' असा होता. नवा आराखडा सुरू झाला त्या संध्याकाळपासून 'जन्मदाती कोण' असा आहे." तो कपाकडे बघत होता. "तुमचा शब्द तेव्हा तुम्ही, मी आणि ओर्मोन सोडून कोणाला माहीत नव्हता."

आम्ही मागच्या नोंदी काढल्या. काल्मामातबद्दल रोज विचारलं जात होतं, वर्षानुवर्षं. रोज उत्तर जायचं ते त्याला सांभाळणारीचं नाव. ज्या संध्याकाळी पहिल्यांदा जन्मदातीचं नाव उत्तरात गेलं, त्यानंतर त्याच्याबद्दल कोणी काही विचारलं नव्हतं. उमसुनायचं तेच. त्या तिसऱ्याचंही तेच.

खिडकीबाहेर बर्फ पडत होता.

"अजून कोणाकोणाबद्दल विचारतात?" मी म्हटलं.

त्यानं यादी फिरवून माझ्याकडे केली. ती सगळी खोऱ्यातली विकलेली माणसं होती, ज्यांची जन्मदाती मेली होती किंवा तिनं रक्त द्यायला नकार दिला होता. एक सोडून सगळी खोऱ्यातच राहणारी. तो एक माझ्यासमोर बसला होता.

मी त्याच दिवशी हुकूम काढावा तसं सगळं जुळवणं थांबवलं. कारण विचारलं तर सांगितलं, आराखड्यात दुरुस्ती आहे. विकलेल्यांच्या जन्मदातीचे रकाने मी बंद केले. विकलेल्यांपैकी कोणी त्यानंतर गेलं नाही. इथंच सोडून दिलं असतं तर बरं झालं असतं, पण सातिबाल्दीचं रक्त निरोगी नव्हतं. तुलनेसाठी दिलेल्या त्या नमुन्यातच दोष निघाला होता. मी त्याला जबरदस्तीनं हृदयाच्या तपासणीला पाठवलं. आलेख पाहून तिथल्या बाईंनी मला फोन केला, की याला यंत्र लवकरात लवकर बसवा, हा जिना चढतो कसा हेच आश्चर्य आहे. आणि त्याची बायको नाझिक गरोदर होती.

यंत्र हवं तर निधीला सिद्ध झालेली जन्मदाती हवी. जन्मदाती लिहावी तर संध्याकाळी उत्तर जाणार. यंत्रानं हृदय चालू होईल हे मला कळत होतं. पण काल्मामातला यंत्र बसवलेलं असतं तर काय झालं असतं, हे कोणालाच माहीत नव्हतं. माझ्या माणसावर मी तो प्रयोग करणार नव्हते.

ओर्मोनला तिचं नाव माहीत होतं. खोऱ्यात सगळ्यांनाच असतं, बोलत नाहीत इतकंच. उल्कान. तीन मुलगे गेलेली, एकटी राहणारी म्हातारी. संस्थेची गाडी दारात उभी राहिली की ती कुत्रा सोडायची. मी सातिबाल्दीला न सांगता ओर्मोनबरोबर गेले.

कुत्रा तिनं सोडला नाही, बहुधा बाई पाहून. घरात शेणीच्या धुराचा आणि आंबट दह्याचा वास होता. तिनं आम्हाला तळलेले बोर्सोक दिले, मी माझ्या थर्मासमधला चहा तिला दिला. मी काय काम करते ते तिनं नीट ऐकून घेतलं आणि मग विचारलं, की शहरात तुम्ही त्याला आत घेतलंय का. मी म्हटलं, कोणाला, अपा.

"रोज येतो," ती म्हणाली. "दिवा लावला की. पायातलं काढून आत येतो. आवाज चढवत नाही कधी. मुलं किती, म्हणून विचारतो. मी सांगते, तीन होती, तिन्ही तू नेलीस. मग बसतो जरा. जातो."

ओर्मोन जमिनीकडे बघत होता. मला तिच्या बोलण्यात वेडाची काही खूण शोधायची होती, ती सापडली नाही. भाजी महाग झाली असं सांगावं तशी ती सांगत होती.

मी तिला सगळं सांगितलं. पोरगा कसा आहे, किती खातो, किती हसवतो. सून गरोदर आहे. हृदयाचं काय झालंय. आणि यंत्र मिळायला त्याच्या आईचं रक्त लागतं. ती ऐकताना एकदाही रडली नाही, फक्त त्याची उंची दोनदा विचारली.

"माझं नाव लागेल?"

"रक्त तुमचं लागेल," मी म्हटलं. "नाव कोणाचं लावायचं, ते माझ्या हातात आहे."

वाटेत गाडीत मी हे ठरवलंच नव्हतं. तोंडातून निघून गेलं. आयुष्यभर मी लोकांना दटावत आले, की नोंदीत एक अक्षर खोटं लिहिलंत तर सगळं झाड सडतं. आणि आता उल्कानच्या रक्ताच्या नळीवर मी माझं नाव लिहिणार होते. मी लग्न केलं नाही. मूल व्हावं असं एकेकाळी फार वाटायचं, मग वाटेनासं झालं, असं मी समजत होते.

उल्काननं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाली, "तसं होत नाही. काहीतरी द्यावं लागतं."

मी आजूबाजूला पाहिलं. थर्मास होता. तो तिनं हलवून बघितला, झाकण उघडून वास घेतला, आणि म्हणाली, गळत नाही ना. गळत नाही, म्हटलं. मग तिनं ओर्मोनला रक्त काढू दिलं, उठली, मला अंगणात जायला लावलं, आणि आतून खिडकी उघडली. तिच्या हातात काही नव्हतं. तरी तिनं दोन्ही हात पुढे केले आणि मीही केले. खिडकी लागली तेव्हा मला रडू आलं, आणि ओर्मोन मुकाट्यानं गाडी सुरू करायला गेला.

परत आल्यावर मी नोंद केली. सातिबाल्दी, जन्मदाती: कलीपा. संगणकानं दोन्ही रक्तं ताडली आणि बिनतक्रार मान्य केली. सातिबाल्दीला मी इतकंच सांगितलं, की तुला मी विकत घेतलंय, थर्मास देऊन. त्यानं हातातला सामसा खाली ठेवला. मग म्हणाला, "चहासकट?"

त्या संध्याकाळी आम्ही दोघं पडद्यासमोर बसलो. दिवेलागणीला प्रश्न आला. सातिबाल्दी, जन्मदाती कोण. उत्तर गेलं. दुसऱ्या दिवशी प्रश्न पुन्हा आला. आणि तिसऱ्या. मला इतका आनंद कधी झाला नव्हता, कारण प्रश्न येतोय याचा अर्थ विचारणाऱ्याला अजून खरं कळलेलं नाही.

यंत्र बसलं. निधीवाल्यांनी हरकत घेतली नाही. संस्थेत माझ्याबद्दल जी कुजबुज व्हायची ती झाली. तरुणपणी कलीपानं काय काय केलं असेल, यावर हिशेब विभागातल्या बायकांचा अख्खा हिवाळा गेला. मी कोणाचं तोंड धरायला गेले नाही. उलट बरंच होतं, जितके जास्त लोक मानतील तितकं चांगलं.

एका गोष्टीवरून मात्र सातिबाल्दीचं आणि माझं वाजलं. मला नाझिकला सगळं सांगायचं होतं. तो नको म्हणाला. पोटुशी बाई, घाबरेल, झोपणार नाही. बाळ होऊ दे, मग सांगू. बाळ झालं, मुलगी, वसंतात. मग तो म्हणाला, चाळीस दिवस होऊ देत. मी बाळाची कुठेही नोंद केली नाही. टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब एका खोट्या क्रमांकानं तपासायला दिला आणि त्या क्रमांकाचा अर्थ फक्त माझ्या डोक्यात ठेवला. डेटाबेसमध्ये ती मुलगी नव्हतीच.

तपासणीचा निकाल आला त्या दिवशी मी ऑफिसात एकटी होते. बापाचा दोष तिच्यात उतरला होता. अर्धी शक्यता असते, ती अर्धी आमच्या वाट्याला आली. म्हणजे जो बापाच्या मागे होता, तो आता तिच्याही मागे लागणार. मी म्हटलं, ठीक आहे, मार्ग आहे. उद्या सकाळीच जाईन, नाझिकला समोर बसवून सांगेन, आणि मुलगी मीच घेईन, नाहीतर ओर्मोनच्या बायकोला देऊ. यावेळी पातेलंबितेलं द्यावं लागेल. मला त्याही स्थितीत हसू आलं.

दिवे लागले. सवयीनं पडदा उघडला.

प्रश्न नव्हता.

मी थांबले. चहा केला, प्यायला नाही. बाकीच्या माणसांबद्दलचे प्रश्न नेहमीसारखे येऊन गेले होते. फक्त सातिबाल्दीचा नव्हता.

मी फोन लावला. त्यानं लगेच उचलला. त्याचा आवाज ऐकून मी खुर्चीत बसले.

"कसा आहेस?"

"मस्त. एजे, जरा हळू बोलतो. पाहुणे आलेत."

"कोण?"

"ओळख नीट लागत नाही. आपल्या खोऱ्यातलेच आहेत. फार सभ्य. बूट बाहेर काढून आले, आता कोण काढतं." तो हसला. "माझ्या आईचं नाव विचारत होते. मी तुमचंच सांगितलं."

"मग?"

"मान हलवली."

"साती, त्यांना बाहेर काढ."

"अहो, नाझिकनं चहा ठेवलाय त्यांना."

"नाझिक कुठंय?"

"इथंच. पाळण्याजवळ. तेही तिथंच बसलेत, बाळ बघतायत." त्याचा आवाज थांबला. काहीतरी त्याच्या लक्षात येत होतं, आणि ते मला ऐकू येत होतं. "एजे..."

"तिला बोलू देऊ नकोस. तिच्या तोंडावर हात ठेव. जा."

फोन कुठंतरी आपटला. त्याची जड पावलं पळत गेली. त्या पावलांच्या पलीकडून, दुसऱ्या खोलीतून, नाझिकचा आवाज आला. हसरा, थकलेला, अभिमानानं भरलेला. पहिल्यांदा आई झालेल्या बाईचा असतो तसा.

"हिला? हिला तर मीच जन्म दिलाय."

मग पाहुण्यानं आभार मानले. फोनवरूनही ते अगदी स्पष्ट ऐकू आलं.